बांधकाम साहित्याचा पुनर्वापर व अंकीय पद्धती

बांधकाम साहित्याचा पुनर्वापर व अंकीय पद्धती : जुनी वास्तू पाडताना किंवा दुरुस्त करताना निघालेले दगड, विटा, लाकूड, पोलाद, कौले, फरशा, दारे-खिडक्या इ. साहित्य नव्या बांधकामात पुन्हा उपयोगात आणणे, यास बांधकाम साहित्याचा पुनर्वापर म्हणतात. या कामासाठी लागणारे वास्तूचे मोजमाप, साहित्याची परीक्षा, त्याची नोंद व नव्या आराखड्याशी त्याची जुळणी या गोष्टी संगणकाच्या साहाय्याने करण्याच्या रीतींना अंकीय पद्धती अशी संज्ञा आहे. नैसर्गिक साधनसंपत्तीचा व ऊर्जेचा कमीत कमी व्यय करणाऱ्या शाश्वत वास्तुकलेचे हे एक महत्त्वाचे अंग होय.

वास्तू पाडली जाते त्या वेळी तिच्यातील पुष्कळसे साहित्य सुस्थितीत असते. मात्र ते कोणत्या प्रकारचे आहे, किती आहे, किती जुने आहे आणि किती भार पेलू शकेल यांची विश्वसनीय माहिती हाती नसेल, तर ते राडारोड्यात जमा होते. म्हणून पुनर्वापराचा प्रश्न हा जितका साहित्याचा तितकाच माहितीचा आहे. प्रस्तुत नोंदीत या विषयाची तत्त्वे देऊन ती मुख्यतः अंधेरी या मुंबईच्या पश्चिम उपनगराच्या उदाहरणाने स्पष्ट केली आहेत. जुनी गावठाणे, औद्योगिक वसाहती, गृहनिर्माण संस्थांच्या इमारती आणि मोठ्या प्रमाणावर चाललेला पुनर्विकास या सर्व गोष्टी तेथे एकाच परिसरात आढळतात.

संकल्पना : पाडकामातून निघालेल्या साहित्याच्या उपयोगाचे स्थूलमानाने तीन स्तर मानतात. पहिल्या स्तरात वास्तू किंवा तिचा सांगाडा जागच्या जागी ठेवून दुरुस्तीने पुन्हा वापरात आणतात. दुसऱ्या स्तरात तुळई, दार, कौल, फरशी यांसारखा घटक मूळ स्वरूपातच काढून दुसरीकडे बसवितात. तिसऱ्या स्तरात साहित्य फोडून, दळून किंवा वितळवून त्यापासून नवा कच्चा माल तयार करतात. याला पुनश्चक्रीकरण म्हणतात. स्तर जसजसा खाली जातो, तसतसा साहित्य घडविताना पूर्वी खर्ची पडलेल्या ऊर्जेचा व श्रमाचा अधिकाधिक भाग वाया जातो. उदा., सागवानी तुळई तुळई म्हणूनच वापरली, तर तिचे सर्व मूल्य टिकते. ती जळणात गेली की तिचे मूल्य तिच्या उष्णतेपुरतेच उरते. काँक्रीटच्या स्तंभाची खडी करून ती रस्त्याच्या भरावात घातली, तर त्याला पुनश्चक्रीकरण म्हणता येते. पण त्यात स्तंभाचे बल कायमचे नाहीसे झालेले असते.

साहित्य खाणीतून काढणे, भाजणे, वितळविणे, वाहून नेणे व बसविणे यांसाठी खर्च झालेल्या ऊर्जेला अंतर्भूत ऊर्जा म्हणतात. सिमेंटसाठी चुनखडी सु. १,४५०° से. तापमानापर्यंत भाजावी लागते. या क्रियेत इंधनापासून आणि स्वतः चुनखडीच्या विघटनापासूनही कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर पडतो. मनुष्याच्या व्यवहारांमुळे जगात उत्सर्जित होणाऱ्या या वायूपैकी सु. ७ ते ८ टक्के भाग सिमेंटच्या उत्पादनातून येतो. इमारत वापरात असताना लागणारी वीज कालांतराने सुधारित उपकरणांनी कमी करता येते. अंतर्भूत ऊर्जा मात्र बांधकाम होताक्षणीच खर्च झालेली असते. म्हणून तीस-चाळीस वर्षांतच इमारत पाडणे ऊर्जेच्या दृष्टीने महाग पडते.

पारंपरिक पुनर्वापर : पुनर्वापर ही कल्पना नवी नाही. अंधेरीच्या पूर्व भागात, आजच्या सीप्झ औद्योगिक क्षेत्राच्या आवारात, कोंडिवटे गावातील संत जॉन बाप्टिस्ट चर्चचे अवशेष आहेत. हे चर्च पोर्तुगीज अमदानीत १५७९ मध्ये बांधले गेले. १८४० च्या सुमारास रोगाच्या साथीमुळे गाव ओस पडले आणि वस्ती मरोळ येथे हलली. जुन्या चर्चमधील बाप्तिस्म्याचे पात्र, खांब आदी वस्तू मरोळच्या नव्या चर्चमध्ये नेण्यात आल्या, असे सांगतात. वास्तू सोडली तरी तिचे घडीव भाग सोडायचे नाहीत, हा त्या काळचा सर्वसामान्य व्यवहार होता.

हा व्यवहार शक्य होण्यास तत्कालीन बांधकामपद्धती कारणीभूत होती. चुन्यात बांधलेल्या भिंतीतील वीट हलक्या हाताने सुटी होते, कारण चुना विटेहून मऊ असतो. लाकडी सांगाड्याचे सांधे कुसू व खाच यांच्या योगाने केलेले असल्याने तुळया व खांब अखंड निघतात. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगलोर येथे कारखाना काढल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर रूढ झालेली मंगलोरी कौले एकमेकांत अडकवून बसवितात. त्यांना चुना वा सिमेंट लागत नसल्याने ती पुनःपुन्हा उतरविता व चढविता येतात. वेसावे व आंबोली येथील जुन्या घरांवर अशी कौले दीर्घकाळ प्रचारात होती. पुण्यातील वाडे व मुंबईतील जुन्या चाळी पाडल्या गेल्या, तेव्हाही त्यांतील सागवान, घडीव दगड व कोरीव चौकटी यांना बाजारात गिऱ्हाईक मिळाले.

मुंबईत पाडकामाच्या ठेकेदाराला मालकाने पैसे देण्याऐवजी ठेकेदारानेच मालकाला पैसे देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. निघणाऱ्या सामानाच्या विक्रीतून आपली रक्कम वसूल होईल, या हिशेबाने ठेकेदार बोली लावतो. त्यासाठी इमारतीत एकदा फेरी मारून सळई किती निघेल, लाकूड सागाचे की जंगली, खिडक्यांच्या जाळ्या किती वजनाच्या, फरशी शहाबादी की कडप्पा यांचा अंदाज त्याला बांधावा लागतो. अंधेरीलगतच्या जोगेश्वरी पश्चिमेतील ओशिवरा येथील जुन्या लाकडी सामानाचा व फर्निचरचा बाजार या व्यवहाराचे एक ठळक केंद्र बनला. अशा रीतीने वास्तूतील साहित्याची यादी करण्याचे काम पूर्वीपासून होत आले आहे. ती यादी कागदावर वा संगणकावर नसून जाणत्या माणसाच्या नजरेत असे.

बांधकामपद्धतीतील बदल : विसाव्या शतकात सिमेंट व प्रबलित काँक्रीट यांचा प्रसार झाला आणि पुनर्वापराची परिस्थिती पालटली [⟶ काँक्रीट]. सिमेंटच्या मसाल्यातील वीट काढू गेल्यास सांधा सुटण्याऐवजी बहुधा वीटच फुटते. जागेवर ओतलेल्या काँक्रीटमध्ये स्तंभ, तुळई व लादी एकसंध असतात. त्यांना सांधा असा नसतोच. शिवाय तुळईच्या आत सळया किती व कोठे आहेत हे बाहेरून दिसत नाही. समुद्रकिनाऱ्यालगतच्या दमट व खाऱ्या हवेत क्लोराइडे काँक्रीटमध्ये शिरून सळया गंजतात. गंजलेल्या सळईचे आकारमान वाढून काँक्रीटला तडे जातात व त्याचे पापुद्रे सुटतात. वेसावे, जुहू यांसारख्या किनारी भागांत ही समस्या विशेष जाणवते. या सर्व कारणांनी अलीकडच्या इमारतींतून पोलाद तेवढे सहजपणे विकले जाते. सळयांचे भंगार पुन्हा वितळविले जाते. महाराष्ट्रात जालना हे भंगार व स्पंज लोखंड यांपासून सळया तयार करणाऱ्या कारखान्यांचे मोठे केंद्र आहे. उरलेला काँक्रीट, विटा व गिलावा यांचा मात्र राडारोडा होतो.

अंधेरीतील पुनर्विकास व राडारोडा : मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेणे महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब अन्वये बंधनकारक आहे. तपासणीनंतर इमारतींची वर्गवारी करतात. सी-१ वर्गातील इमारत अतिधोकादायक मानून ती रिकामी करून पाडावी लागते, तर सी-२ व सी-३ वर्गांतील इमारती लहानमोठ्या दुरुस्तीने वापरात ठेवता येतात. जुन्या इमारतीच्या जागी अधिक चटईक्षेत्राची उंच इमारत उभारण्याची मुभा विकास नियंत्रण नियमांनी दिली असल्याने पुनर्विकासाला आर्थिक चालनाही मिळाली. त्यामुळे सहकारी गृहनिर्माण संस्था, गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या जागा या तिन्ही ठिकाणी पाडकाम व नवे बांधकाम एकाच वेळी चालू असलेले अंधेरीत दिसते.

पक्की इमारत पाडल्यास बांधीव क्षेत्राच्या दर चौ. मी. मागे ३०० ते ५०० किग्रॅ. राडारोडा निघतो, असा तंत्रज्ञान माहिती, पूर्वानुमान व मूल्यनिर्धारण परिषद या केंद्रीय संस्थेचा अंदाज आहे. त्यानुसार २,००० चौ. मी. बांधीव क्षेत्राच्या, म्हणजे साधारणतः चार मजली संस्थेच्या एका इमारतीतून ६०० ते १,००० टन राडारोडा निघेल. दहा टनांच्या मालमोटारीला तो उचलण्यास ६० ते १०० खेपा कराव्या लागतील.

हा राडारोडा कोठे टाकावा, हा मुंबईपुढील जुना प्रश्न आहे. देवनार व मुलुंड येथील कचराभूमींच्या बिकट अवस्थेमुळे मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर निर्बंध घातले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये ते अटींवर शिथिल केले. राडारोडा ठरवून दिलेल्या जागीच टाकावा, ही त्यांतील प्रमुख अट होती. मालाड व ओशिवरा यांच्या खाड्यांलगतच्या खारफुटीतही चोरून भराव टाकण्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले. खारफुटीच्या संरक्षणासाठी उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये अंतरिम आदेश व सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निर्णय दिला. भरतीचे पाणी सामावून घेणारी ही दलदल बुजली, तर पावसाळ्यात पाणी लगतच्या वस्तीत शिरण्याचा धोका वाढतो.

मुंबई महानगरपालिकेने दहिसर येथील कोकणीपाडा व शिळफाटा परिसर या दोन ठिकाणी दररोज प्रत्येकी ६०० टन राडारोड्यावर प्रक्रिया करू शकणारे प्रकल्प २०२४ मध्ये सुरू केले. पश्चिम उपनगरांतील, अर्थात अंधेरीतील, राडारोडा यांपैकी दहिसरच्या प्रकल्पाकडे जातो. नागरिकांच्या मागणीनुसार राडारोडा उचलून नेण्याची सेवाही त्यास जोडलेली आहे. अशा प्रकल्पांत राडारोडा फोडून व चाळून त्यापासून खडी व वाळू मिळवितात आणि पदपथाच्या ठोकळ्यांसारख्या वस्तू तयार करतात. दिल्लीत बुराडी येथे २००९ मध्ये सुरू झालेला प्रकल्प हा भारतातील या प्रकारचा पहिला होय.

राडाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला खाण असते. अंधेरी पश्चिमेतील गिल्बर्ट टेकडी ही सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टच्या उभ्या स्तंभांची बनलेली असून तिची उंची सु. ६१ मी. आहे. भोवतालचा दगड खाणकामात निघून गेल्यामुळे ती एखाद्या सुळक्याप्रमाणे एकाकी उभी राहिली आहे. तिला वारसास्थळाचा दर्जा आहे. दगडासाठी आता शहराला उत्तरोत्तर दूरच्या खाणींवर अवलंबून राहावे लागते. जुन्या इमारतीतून मिळालेली प्रत्येक टन खडी तितक्या प्रमाणात खाणकाम व वाहतूक वाचविते.

अंकीय पद्धती : या पद्धतींचे कार्यक्रमानुसार पुढीलप्रमाणे भाग पडतात.

(१) सर्वेक्षण : लेसर क्रमवीक्षक हे उपकरण प्रकाशाचे झोत सर्व दिशांना फेकते आणि ते परावर्तित होऊन येण्यावरून प्रत्येक बिंदूचे अंतर काढते. एका खोलीतून असे लक्षावधी बिंदू मिळतात. त्यांच्या समुच्चयाला बिंदुमेघ म्हणतात. त्यावरून भिंतीची जाडी, तुळईचा बाक, मजल्याची पातळी या गोष्टी काही मिमी. इतक्या अचूकतेने कळू शकतात. छायाचित्रमापन या दुसऱ्या पद्धतीत एकमेकांवर अंशतः पडणारी अनेक छायाचित्रे घेऊन त्यांतील समान बिंदूंवरून संगणक त्रिमितीय आकार उभा करतो. मानवरहित लहान विमानाने घेतलेल्या छायाचित्रांवरून छपरे व उंच दर्शनी भाग यांचे मोजमाप होते. मूळ आराखडे गहाळ झालेल्या जुन्या इमारतींच्या बाबतीत ही पद्धत विशेष उपयोगी पडते.

(२) अविनाशी परीक्षण : घटकाला इजा न करता त्याचे गुणधर्म तपासण्याच्या या पद्धती आहेत. श्राव्यातीत स्पंदे काँक्रीटमधून पाठवून त्यांचा वेग मोजतात. तो दर सेकंदास ३ किमी. पेक्षा कमी असल्यास काँक्रीटच्या प्रतीविषयी शंका घेतात. प्रतिक्षेप हातोड्याने पृष्ठभागाच्या कठीणपणाचा अंदाज येतो. चुंबकीय शोधकाने सळईची जागा कळते, तर अर्धघट विभवाच्या मापनाने ती गंजत असण्याची संभाव्यता समजते. मुंबईतील संरचनात्मक तपासणीत यांपैकी अनेक परीक्षा केल्या जातात. इमारत राहण्यायोग्य आहे की नाही एवढेच ठरविण्यासाठी त्यांचे निष्कर्ष वापरतात. तेच आकडे प्रत्येक स्तंभ व तुळई यांच्या नोंदीस जोडले, तर इमारत पाडावी लागली तरी तिच्यातील कोणता भाग उपयोगी आहे हे आधी सांगता येईल.

(३) माहिती-प्रतिमान : बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेल या नावाने ओळखले जाणारे हे प्रतिमान म्हणजे वास्तूची संगणकातील त्रिमितीय प्रतिकृती होय. साध्या आराखड्यात भिंत ही दोन रेषांनी दाखवितात. प्रतिमानात ती भिंत म्हणूनच नोंदलेली असते आणि तिची जाडी, साहित्य, वजन, पुरवठादार, बसविल्याची तारीख व किंमत ही माहिती तिच्याशी निगडित असते. निरनिराळ्या आज्ञावल्यांमध्ये या माहितीची देवघेव व्हावी म्हणून आयएसओ १६७३९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. महाराष्ट्रात नागपूर मेट्रोच्या उभारणीत तीन मितींना काळ व खर्च या दोहोंची जोड देणारे पंचमितीय प्रतिमान वापरण्यात आले.

(४) साहित्य-पारपत्र : प्रवाशाच्या पारपत्राप्रमाणे बांधकामाच्या घटकाचा उगम, घडण, बल, दुरुस्त्या आणि तो सुटा करण्याची रीत यांची नोंद ठेवणाऱ्या दस्तऐवजाला साहित्य-पारपत्र म्हणतात. यूरोपीय संघाच्या अर्थसाहाय्याने २०१५ ते २०१९ या काळात चाललेल्या एका संशोधन-प्रकल्पाने इमारतींना साहित्याच्या पेढ्या मानून ही कल्पना विकसित केली. नेदर्लंड्समध्ये २०१७ मध्ये माडास्टर ही साहित्याची नोंदवही सुरू झाली. त्याच देशातील ड्रिबर्गन येथील ट्रायोडोस बँकेची २०१९ मध्ये पूर्ण झालेली इमारत मुख्यत्वे लाकडी असून ती १,६५,३१२ स्क्रूंनी जोडलेली आहे. स्क्रू उलटे फिरवून ती सुटी करता येईल आणि तिचे भाग दुसरीकडे वापरता येतील, अशी योजना तीत आधीच केलेली आहे.

(५) जुळणी व अभिकल्प : नेहमीच्या रीतीत आधी आराखडा करून त्यास हवे तसे साहित्य आणतात. पुनर्वापरात हा क्रम उलटा होतो. हाती असलेल्या साहित्यावरून आराखडा ठरवावा लागतो. एका साध्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, ४.२, ३.६ व ३.० मी. लांबीच्या तीन जुन्या तुळया आहेत आणि ४.०, ३.४ व २.९ मी. लांबीच्या तीन तुळया हव्या आहेत. सुताराला सर्वांत आधी २.९ मी. ची गरज पडली आणि त्याने हाताशी असलेली ४.२ मी. ची तुळई कापली, तर ४.० मी. ची गरज भागणारच नाही. तिन्हींचा एकत्रित विचार केल्यास मात्र एकूण केवळ ०.५ मी. लाकूड वाया जाते. येथे तीनच तुळया असल्यामुळे हे तोंडी करता येते. शेकडो तुळया, त्यांचे वेगवेगळे छेद, लाकडातील गाठी व भेगा आणि प्रत्येकीवर येणारा भार यांचा मेळ घालण्यास संगणक आवश्यक ठरतो.

(६) मूल्यमापन : खाणीपासून पाडकामापर्यंतच्या सर्व टप्प्यांतील ऊर्जा व उत्सर्जने मोजण्याच्या पद्धतीला जीवनचक्र-मूल्यमापन म्हणतात. माहिती-प्रतिमानातील साहित्याच्या राशींना त्यांच्या अंतर्भूत ऊर्जेच्या आकड्यांनी गुणून हा हिशेब केला जातो. इमारत दुरुस्त करावी, अंशतः ठेवावी की पाडावी, या पर्यायांची तुलना त्यामुळे करता येते.

परदेशांतील उदाहरणे : स्वित्झर्लंडमधील व्हिंटरटूर येथे एका जुन्या औद्योगिक इमारतीवर अन्य वास्तूंमधून काढलेल्या पोलादी तुळया, जिने, खिडक्या व पत्रे वापरून मजले चढविण्यात आले. २०२१ मध्ये पूर्ण झालेल्या या कामात सर्व साहित्य नवे वापरले असते तर झालेल्या उत्सर्जनाच्या तुलनेत सु. ६० टक्के बचत झाली. त्याच वर्षी लोझान येथील तंत्रविद्या संस्थेच्या संशोधकांनी नूतनीकरण चालू असलेल्या इमारतीच्या भिंतींतून कापून घेतलेल्या २५ काँक्रीट ठोकळ्यांचा १० मी. गाळ्याचा कमानी पादचारी पूल उभारला. ओतीव काँक्रीटचेही घटक म्हणून पुनर्वापर शक्य आहे, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

अंधेरीतील पुलांचे उदाहरण : अंधेरी स्थानकाजवळ पूर्व व पश्चिम भागांना जोडणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखले पुलाचा काही भाग ३ जुलै २०१८ रोजी रेल्वेमार्गावर कोसळला. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल बंद करून तो पाडण्यात आला. नव्या पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी खुली झाली. रेल्वेमार्गावरील उंचीच्या बदललेल्या निकषांनुसार हा पूल पूर्वीपेक्षा उंच झाल्याने लगतच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची पातळी जुळेना. जोडणीचा भाग पाडून पुन्हा बांधणे हा एक मार्ग होता. त्याऐवजी वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने बर्फीवाला पुलाचा जोडणीलगतचा भाग द्रवीय उच्चालकांनी एका बाजूस १,३९७ मिमी. व दुसऱ्या बाजूस ६५० मिमी. उचलून खाली पोलादी आधार देण्यात आले. ४ जुलै २०२४ रोजी ही जोडणी वाहतुकीस खुली झाली.

या उदाहरणातून दोन गोष्टी दिसतात. काँक्रीटची उभी रचना तिच्या क्षमतेची खात्री करून घेतल्यास नव्या गरजेप्रमाणे बदलून वापरता येते. पुनर्वापराच्या पहिल्या स्तराचा हा नमुना होय. दुसरे असे की, जुन्या व नव्या रचनांची मोजमापे एकाच त्रिमितीय प्रतिमानात आरंभीच एकत्र आणल्यास पातळीतील असे अंतर कागदावरच लक्षात येते व त्याचा उपाय योजून ठेवता येतो.

नियम व मानके : भारतात केंद्र शासनाने २०१६ मध्ये बांधकाम व पाडकाम यांतील कचऱ्याच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम केले. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टनांहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्यांनी काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लॅस्टिक आणि विटा व मसाला असे त्याचे वर्गीकरण करावे, अशी तरतूद त्यांत होती. त्यांची जागा घेणारे नियम २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ते १ एप्रिल २०२६ पासून अमलात आणण्याचे ठरले. २०,००० चौ. मी. व त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांवर कचऱ्याच्या विनियोगाची जबाबदारी आणि मध्यवर्ती संगणकीय नोंदणी त्यांनी घातली आहे. मात्र अंधेरीतील एकेकट्या संस्थांचे अनेक प्रकल्प या मर्यादेहून लहान असतात.

भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार जुन्या काँक्रीटपासून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि एम-२५ प्रतीपर्यंतच्या प्रबलित काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत वापरता येते. विटा व गिलावा मिसळलेल्या राडारोड्याची खडी केवळ हलक्या प्रतीच्या भरण काँक्रीटमध्ये चालते. पाडतानाच वर्गीकरण का करावे, याचे उत्तर या तरतुदीत आहे. एकदा मिसळलेला राडारोडा पुन्हा वेगळा करणे कठीण असते आणि मिसळताच त्याची योग्यता उतरते.

मर्यादा : अंकीय पद्धतींना काही स्पष्ट मर्यादा आहेत. बिंदुमेघात पृष्ठभाग दिसतो. आतील गंज किंवा पोकळी दिसत नाही. प्रतिमान कितीही तपशीलवार असले, तरी दुरुस्त्यांची नोंद त्यात न केल्यास काही वर्षांत ते वास्तूशी विसंगत होते. इमारतीचे आयुष्य पन्नास वर्षांचे व आज्ञावलीचे त्याहून पुष्कळच कमी असल्याने नोंदी वाचनीय ठेवणे हेही एक कामच आहे. जुन्या घटकाच्या बळाची हमी कोणी द्यावी, हा प्रश्नही उरतो. जुन्या छपरांचे ॲस्बेस्टसचे पत्रे यांसारखे घातक साहित्य पुन्हा वापरता कामा नये. ते आधी ओळखून वेगळे काढावे लागते.

आर्थिक अडचण याहून मोठी आहे. यंत्राने इमारत थोड्या दिवसांत जमीनदोस्त होते. घटक सुटे करण्यास त्याच्या कैक पटींनी वेळ लागतो. पुनर्विकासात रहिवाशांना तोपर्यंत भाडे द्यावे लागत असल्याने प्रत्येक दिवसाला किंमत असते. सुटे केलेले साहित्य गिऱ्हाईक मिळेपर्यंत ठेवण्यास जागा लागते, आणि जागा हीच मुंबईतील सर्वांत महाग वस्तू आहे. कोणत्या इमारतीतून काय व केव्हा निघणार याची यादी पाडकामाच्या काही महिने आधी उपलब्ध झाली, तर साहित्य गोदामात न जाता एका कामावरून थेट दुसऱ्या कामावर जाऊ शकेल. अंकीय नोंदीचा सर्वांत व्यावहारिक उपयोग हाच होय.

पाडकाम करणारे मजूर व जुन्या सामानाचे व्यापारी यांचे ज्ञान या नोंदीत कसे यावे, हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. ठोकून आवाजावरून वीट पारखणारा गवंडी आणि ताशीव कडेवरून लाकडाची जात सांगणारा सुतार यांची पारख उपकरणांना पूरक असते. यादी करण्याचे काम त्यांना वगळून झाले, तर ती सदोष राहण्याचा संभव असतो आणि ज्यांच्या श्रमावर पुनर्वापर चालत आला त्यांचा रोजगारही धोक्यात येतो.

भवितव्य : आवश्यक माहितीचा बराच भाग मुंबईत आजही गोळा होतो. इमारतींचे आराखडे २०१६ पासून संगणकीय प्रणालीतून तपासले जातात, जुन्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीचे अहवाल तयार होतात आणि राडारोड्याच्या विल्हेवाटीसाठी परवानगी घ्यावी लागते. मात्र ही माहिती तीन वेगवेगळ्या कामांसाठी गोळा होत असल्याने साहित्याच्या पुनर्वापरासाठी तिचा एकत्रित उपयोग होत नाही. पाडकामाच्या परवानगीपूर्वी साहित्याची यादी मागणे, तपासणीचे आकडे तिला जोडणे व ती जाहीर करणे, एवढ्याने जुन्या इमारतींच्या बाबतीत प्रारंभ करता येईल. नव्या इमारती सुट्या करता येतील अशा सांध्यांनी बांधणे आणि त्यांची पारपत्रे पहिल्या दिवसापासून ठेवणे हा त्यापुढील टप्पा होय. आज उभारल्या जाणाऱ्या उंच इमारतींतील साहित्य पूर्वीच्या चार मजली इमारतींच्या कितीतरी पट आहे. त्या पाडण्याची वेळ येईल तेव्हा त्यांत काय आहे हे कळण्याची सोय आजच करून ठेवावी लागेल.